खाली हाय

दिल्लीपासून साठ किलोमीटरवर जंगल आहे म्हटलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "कुठलं, लोधी गार्डन?" मी आता सांगायचंच सोडून दिलंय. मानेसरच्या चौकात उतरा, कारखान्यांच्या बसगाड्यांतून वाट काढा, शेअर ऑटोनं शेवटच्या गावापर्यंत जा आणि तिथून पाठीवर सामान घेऊन दीड तास चढा. मग बोला. तिथं मोबाइलला टॉवर नाही, पाणी एकाच झऱ्याला, आणि तोही मे महिन्यात आटतो. अरवलीच्या त्या डोंगरात दोन खोल्यांची एक चौकी आहे आणि चौकीपासून पलीकडच्या कड्यापर्यंत अकरा किलोमीटरची पायवाट. ती वाट चालती ठेवणं हे माझ्या टोळीचं काम होतं.

दरवर्षी पावसाळा ती वाट धुऊन नेतो. कडेचे दगड निसटतात, वरून धोंडे येऊन मधेच बसतात, आणि विलायती बाभूळ दोन्ही बाजूंनी वाट बुजवते. उन्हाळ्यात वणवा लागला तर गार्ड लोकांना त्याच वाटेनं धावायचं असतं, म्हणून ऑक्टोबरात कामाला लागायचं आणि थंडी संपायच्या आत उरकायचं. नकाशात ती एक बारीक तुटक रेघ आहे. रेंजरसाहेब तिच्यावर बोट ठेवून म्हणायचे, "बस इतना ही तो है, सूबेदार साहब." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं.

मी बळवंत. सैन्यात सॅपर होतो, म्हणजे पूल बांधणारे, डोंगर फोडून रस्ते काढणारे. सुभेदार म्हणून निवृत्त झालो. गाव खटाव तालुक्यातलं, पण मुलीचं, उल्काचं, शिक्षण इकडेच चाललेलं, म्हणून गाझियाबादला फ्लॅट घेतला आणि तिथंच चिकटलो. घरी बसून प्रभावतीशी, म्हणजे बायकोशी, दिवसातून चार वेळा खटके उडायला लागले तेव्हा हे कंत्राटी काम धरलं. सोमवारी चढायचं, शनिवारी उतरायचं. सांगतोय ते दोन हजार नऊचं. मला अठ्ठावन्नावं लागलं होतं आणि दोन्ही गुडघे कामातून गेले होते. सकाळी भिंतीला हात लावल्याशिवाय उभं राहता येत नव्हतं. टोळीला ते दिसू नये म्हणून मी सगळ्यांच्या आधी उठायचो.

टोळी पाच जणांची. रामकिशन तिथल्याच गावचा, अंगानं दांडगा, धोंडे उलटवण्यात वाकबगार. विश्वनाथ बिहारचा, बोलका, माती-खडी वाहायचा. दोघे बाभूळ तोडणारे. आणि पाचवा मल्हारी, त्याच्याबद्दल पुढे सांगतो.

पहिल्या वर्षी मी रामकिशनला म्हणालो, "पहार लाओ." आपण लोखंडी पहार म्हणतो ती. तो म्हणाला, "पहाड़ कैसे लाऊँ साहब, पहाड़ पर तो खड़े हैं." टोळी तासभर हसत होती. त्या दिवसापासून मी पहारीला सब्बल म्हणायला लागलो. मग टिकावाची गैंती झाली, घमेल्याचा तसला झाला. शेवटी शेवटी एकटा असलो तरी मनात सब्बलच यायचं. घरी तर विचारूच नका. उल्का लहान असताना छावणीत शेजारी पुण्याच्या बायका होत्या, म्हणून आम्ही दोघांनी गावचं बोलणं सोडून 'आहे', 'नाही' सुरू केलं, पोरीला शुद्ध यावं म्हणून. पोरीला ना हे आलं ना ते. ती म्हणते, "पापा, मी बिल्कुल विसरून गेली." आम्ही त्यालाच मराठी म्हणतो आणि गप्प बसतो.

मल्हारी मात्र तसाच राहिला. शेजारच्या गावचा, माझ्याच कंपनीत सतरा वर्षं. नाईक होऊन घरी गेला. त्याची बायको हौसाबाई आदल्या वर्षी गेली आणि हा गावात एकटा, दिवसभर पारावर बसून. मीच फोन करून बोलावलं. म्हटलं, "ये, डोंगर आहे, काम आहे, बडबड करायला मी आहे." तो आला. साहेबांसमोर मला साहेब म्हणायचा, एरवी दादा. हिंदी त्याला येते, फौजेत कुणाला येत नाही? पण माझ्याशी तो गावचंच बोलायचा, 'हाय', 'न्हाय', 'व्हय'. त्याला एकाच गोष्टीचा अभिमान होता: सतरा वर्षांच्या सर्व्हिस बुकात लाल शाईची एक ओळ नाही. फौजेत शिक्षा झाली की लाल शाईनं नोंद होते. रोज रात्री चुलीपाशी कुणीतरी त्याला मुद्दाम विचारायचं, आणि तो रोज तितक्याच गांभीर्यानं सांगायचा, "एक बी न्हाय."

त्याची नजर घारीची, म्हणून मी त्याला पहाऱ्यावर ठेवलं होतं. मोठा धोंडा वाटेवरून खाली लोटायचा तर तो उतरणीवरून कुठे जाईल सांगता येत नाही. त्यासाठी माझा एक नियम होता. पहारेकरी समोरच्या सोंडेवर उभा राहणार, जिथून खालची सगळी उतरण दिसते. मी वरून विचारणार, "नीचे?" तो म्हणणार, "साफ!" 'साफ' आलं तरच दगड सोडायचा. माणूस दिसला तर त्यानं ओरडायचं, "रुको!" दुसरं काही आलं, किंवा काहीच आलं नाही, तर हात रोखायचा. हा नियम मी स्वतः केला, स्वतः शिकवला, आणि जो चुकेल त्याला शिव्याही मीच घालायचो.

तो गुरुवार होता. चौकीपासून पाचेक किलोमीटरवर वाट एका घळीच्या कडेनं वळते, तिथं बसलेल्या म्हशीएवढा धोंडा मधोमध येऊन पडला होता. सकाळपासूनचा तो तिसरा. अकरा वाजले असतील. वारा सुटला होता. रामकिशननं एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं सब्बल घातली होती आणि धोंडा तोलावर आला होता. माझे गुडघे लटलट कापत होते. मला तो धोंडा सोडायचा होता, दुसरं काही डोक्यात नव्हतं. मधे बाभळीचा पट्टा असल्यामुळे मल्हारी मला दिसत नव्हता.

मी ओरडलो, "नीचे?"

वाऱ्यातून त्याचा आवाज आला, अर्धाच. "...खाली है!"

मी म्हणालो, "छोड़ो."

धोंडा गेला. दोन उड्या ऐकू आल्या, बाभळी मोडल्याचा आवाज आला, आणि मग माणसाचा. विश्वनाथचा तसला, मातीचं घमेलं, घरंगळत उतरणीवर गेला होता आणि तो कुणाला न सांगता आणायला उतरला होता. धोंडा अंगावर आला नाही, नाहीतर संपलंच होतं. त्याचा फुटलेला तुकडा डाव्या पायाला लागला. गुडघ्याखालचं हाड बाहेर आलं होतं.

दोन बांबू आणि कांबळं यांची डोली करून आम्ही त्याला उचललं. साडेपाच तास लागले. खांदा बदलायला एकच माणूस, बसायला वेळ नाही, आणि विश्वनाथ कधी ओरडायचा, कधी एकदम गप्प व्हायचा, तेव्हा जास्त भीती वाटायची. मल्हारी पुढच्या दांड्याला होता, मी मागच्या. साडेपाच तास मी त्याच्या पाठीकडे बघत होतो आणि तळपायाची आग मस्तकात गेली होती. ह्याला सांगितलं होतं डोळे उघडे ठेव. माणूस खाली उभा, आणि हा सांगतो खाली है, रिकामं आहे. सतरा वर्षांची फौज, आणि हे? मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. तोही बोलला नाही.

शुक्रवारी मी रिपोर्ट लिहिला, हिंदीत. 'पहरेदार मल्हारी ने "खाली है" कहा, तब पत्थर छोड़ा गया.' रामकिशनची साक्ष, बाकी दोघांची साक्ष: होय, आम्हीही ऐकलं, खाली है. मल्हारीपुढे कागद ठेवला. त्यानं सही केली. रेंजरसाहेबांनी सांगितलं, सोमवारी मी स्वतः चौकीवर येतो, याला काढावं लागेल, आणि पोलिसात निष्काळजीपणाची तक्रारही द्यावी लागेल, माणसाचा पाय गेलाय. मी म्हटलं, "जैसा ठीक समझें." खरं सांगतो, तेव्हा मला ते ठीकच वाटलं होतं.

शनिवारी घरी आलो. रविवारी दुपारी जेवताना प्रभावतीनं विचारलं आणि मी सगळं सांगितलं, तावातावानं. उल्का मोबाइल बघत ऐकत होती.

"आणि हा पठ्ठ्या काय सांगतो, खाली है!" मी म्हणालो. "विश्वनाथ तिथं उभा, आणि म्हणे खाली है!"

"मग त्यांचीच गलती आहे ना, पापा," उल्का म्हणाली. "त्यांनी नीट चेक नाही केलं."

प्रभावतीचा वाढायचा हात थांबला. "काय म्हणाले भाऊजी? त्यांनी म्हटलं तसं म्हणून दाखवा."

"खाली है."

"हे कुणाला म्हणाले?"

"मलाच की. विचारलं मी होतं."

"मल्हारीभाऊजी तुमच्याशी हिंदीत कधी बोललेत?"

मी पाण्याचा पेला उचलला.

"खाली है नव्हे हो," ती म्हणाली. "खाली हाय." आणि ते ती तिच्या माहेरच्या आवाजात म्हणाली, जो मी वीस वर्षांत ऐकला नव्हता. "आमच्याकडे विहिरीत माणूस उतरला की काठावरचा असंच ओरडायचा. थांब रं, बाबा खाली हाय."

"म्हणजे काय?" उल्कानं विचारलं.

"म्हणजे नीचे, बाळा," प्रभावती म्हणाली. "ते सांगत होते, माणूस खाली आहे."

मी हात धुवायला उठलो आणि बेसिनपाशी नळ चालू करून उभाच राहिलो. आधी मला प्रभावतीचा राग आला, मग मल्हारीचा, की मेल्या, 'रुको' म्हणायला काय झालं होतं तुला. आणि सगळ्यांचे राग संपल्यावर लाज वाटली. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. ज्या बोलीत माझी आई मला जेवायला हाका मारायची, त्या बोलीत माणूस जिवाच्या आकांतानं ओरडला आणि मी ते हिंदीत ऐकलं. आणि शब्दाचं सोडा. मी 'साफ' ऐकलंच नव्हतं. माझ्याच नियमाप्रमाणे 'साफ' सोडून काहीही आलं असतं तरी हात रोखायचा होता. गुडघे दुखत होते, धोंडा जड होता, म्हणून मला हवं ते मी ऐकलं.

संध्याकाळपर्यंत डोक्यात दुसरंही चालू होतं, तेही सांगतो, उगाच ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. हे कुणाला कळणार होतं? रिपोर्टवर मल्हारीची सही होती. टोळीतल्या चौघांना मराठी येत नाही. खापर फुटलं होतं, ते दुसऱ्याच्या डोक्यावर होतं, आणि मी सुभेदार होतो. हे मी प्रभावतीला बोललो नाही, पण इतक्या वर्षांत तिला न बोललेलंही ऐकू येतं. चहाचा कप ठेवताना ती म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका. हौसाबाई गेल्यावर त्या माणसाकडे तेवढंच राहिलंय, नाव." आणि आत गेली.

सोमवारी पहाटेच्या गाडीनं निघालो. चौकीवर पोचलो तेव्हा मल्हारी सामान बांधत होता. फौजेतल्यासारखी कांबळ्याची घडी, कोपऱ्याला कोपरा. रेंजरसाहेब यायला तासभर होता.

"मल्हारी," मी म्हणालो, "त्या दिवशी तू काय ओरडलास?"

"तुमास्नी ठाव हाय की."

"नव्हतं. काल कळलं."

त्यानं घडी खाली ठेवली आणि खाटेवर बसला.

"दादा, इस्वनाथ खाली हाय," तो हळूच म्हणाला. "असं वरडलो. पयला अर्धा वाऱ्यानं नेला असंल. पुन्हा वरडनार तवर धोंडा सुटला व्हता."

"मग सही का केलीस त्या कागदावर?"

"तुमी लिवलं. सतरा वर्सं तुमी लिवलेल्यावर सही केली, वाचून कवा केली?"

"आणि रेंजरला का नाही सांगितलंस? मला तरी सांगायचंस."

"काय सांगू?" तो म्हणाला. "आमच्या सुभेदारास्नी आमची भाषा कळली न्हाय, म्हनून सांगू? त्या पोरांम्होरं? समदी हसली असती, दादा."

मी खाली बसलो. भिंतीला हात न लावता बसलो, आणि ते फार दुखलं. तीन दिवस मी ह्या माणसाला शिव्या घालत होतो, आणि हा चार दिवस माझी लाज राखून गप्प होता.

"चूक माझी बी हाय," तो म्हणाला. "रुको म्हनायचं ठरलं व्हतं. मानूस दिसला आन् तोंडातनं घरचंच आलं. त्ये बी लिवा."

रेंजरसाहेब आले. खुर्ची उन्हात टाकली, फाइल उघडली. टोळी समोर उभी. मी म्हटलं, "साहब, रिपोर्ट गलत है. मैंने गलत लिखी है." आणि सगळं सांगितलं, हाय आणि है, विहीर आणि सगळं. ते ऐकून घेत होते, पण कपाळावर आठ्या चढत गेल्या.

"सूबेदार साहब," ते म्हणाले, "खाली तो खाली ही होता है. और आप दोनों एक ही ज़िले के हो. दोस्त को बचाना है, समझता हूँ."

बाभूळ तोडणाऱ्यांपैकी एकजण हसला. मल्हारी मान खाली घालून उभा होता, आणि मला कळलं की हा ह्याच हसण्याला भीत होता, स्वतःसाठी नव्हे.

"ठीक है," मी म्हणालो. "खाली छोड़िए. मराठी भी छोड़िए. रामकिशन, नियम क्या है? पत्थर कब छोड़ते हैं?"

"साफ सुनने पर," रामकिशन म्हणाला.

"किसका नियम है?"

"आपका."

"उस दिन तूने 'साफ' सुना?"

रामकिशननं आठवून बघितलं. तो खोटं बोलणारा माणूस नाही. "नहीं."

"तुम दोनों ने?"

दोघांनी माना हलवल्या.

"तो पत्थर छोड़ने को किसने कहा?"

रामकिशन रेंजरसाहेबांकडे बघेना, माझ्याकडेही बघेना. सब्बलीच्या टोकाकडे बघत म्हणाला, "आपने."

कुणी हसलं नाही. रेंजरसाहेबांनी पेनचं टोपण काढलं, जुन्या रिपोर्टावर तिरपी रेघ मारली आणि कोरा कागद माझ्याकडे सरकवला. मी पुन्हा लिहिलं. मल्हारीनं 'रुको' म्हटलं नाही तेही लिहिलं, कारण त्यानं सांगितलं होतं, आणि 'साफ' न ऐकता टोळीप्रमुखानं दगड सोडायला लावला हे लिहिलं, स्वतःच्या नावानिशी. मल्हारीपुढे कागद गेला. ह्या वेळी त्यानं तो वाचला. ओठ हलवत, बोट फिरवत, सगळा वाचला, आणि मग सही केली.

टोळीप्रमुख म्हणून मला त्याच दिवशी काढलं आणि काम रामकिशनकडे गेलं. पोलिसांत माझं नाव गेलं; दोन वर्षं तारखांना गुडगावच्या कोर्टात जात होतो, पण ती वेगळी गोष्ट. मल्हारी पहाऱ्यावर राहिला. मी सामान उचलायला लागलो तर रामकिशन म्हणाला, "साहब, कड़े तक छह किलोमीटर बाकी है. सब्बल पर दूसरा आदमी नहीं मिलेगा मुझे." मी म्हटलं, "मेरे घुटने देखे हैं?" तो म्हणाला, "रोज़ सुबह देखते हैं." म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मी राहिलो.

मधल्या एका रविवारी विश्वनाथला हॉस्पिटलात भेटलो. पायात स्टीलची पट्टी घातली होती, लंगडत का होईना चालेल असं डॉक्टर म्हणाले होते. मी त्याला सगळं सांगितलं. तो छताकडे बघत ऐकत होता. मग म्हणाला, "तो हमारा पैर मराठी में टूटा." मला वाटलं तो हसतोय, पण नाही. पाणी मागितलं, मी दिलं. माफी मागितली, त्यावर तो काही बोलला नाही, आणि त्यानं बोलावं असा माझा हक्कही नव्हता.

वाट डिसेंबरात कड्याला लागली. शेवटच्या आठवड्यातली एक दुपार आहे. नववा किलोमीटर, वाटेवर मध्यम धोंडा, रामकिशन आणि मी सब्बली घालत होतो. टोळीप्रमुख झाल्यापासून रामकिशननं माझ्या नियमात एक भर घातली होती: जे ऐकू येईल ते दोनदा विचारायचं. अजून "नीचे?" विचारलंही नव्हतं, तेवढ्यात सोंडेच्या बाजूनं मल्हारीचा आवाज आला, वाऱ्यात अर्धा तुटलेला.

"दादा... खाली हाय!"

रामकिशननं हात वर केला. सगळे थांबले. त्यानं सब्बल सोडली नाही, धोंड्यावरची नजर काढली नाही, आणि मला विचारलं, "क्या बोला?"

मला ऐकू आलं होतं. पण खरं सांगतो, आधी कानात 'है' आलं, रिकामं. मग 'हाय' आलं. मधे एक श्वास गेला असेल. मी सोंडेकडे तोंड करून ओरडलो, "मल्हारी, काय खाली हाय?" इतक्या वर्षांनी तो 'हाय' माझ्या तोंडातून निघाला, आणि वाकडातिकडाच निघाला.

"भाकरी!" तो ओरडला. "भाकरी खाली हाय, वढ्यापाशी! जेवाया या!"

"रोटी नीचे रखी है, बोल रहा है," मी रामकिशनला म्हणालो.

"पक्का?"

"पक्का."

त्यानं सब्बल काढून बाजूला ठेवली. त्या गुरुवारी मला एवढंच करायचं होतं, एकदा मान वळवून विचारायचं होतं की काय म्हणालास, आणि त्याला एका श्वासाहून जास्त वेळ लागला नसता. बाकीचे भराभर उतरून गेले. मी सगळ्यांत शेवटी, दगडांना हात लावत लावत, खाली गेलो.